घाटासाठी ई-माउंटन बाइक: मोटर किती वॅटची, बॅटरी किती मोठी?

अनगोळचा_सायकलवाला

नमस्कार मंडळी. वय ४७, वजन ८२ किलो, बेळगावच्या उद्यमबागेत मशीनशॉपला नोकरी. बारा वर्षं साध्या एमटीबीवर (माउंटन बाइकवर) फिरतोय. अनगोळहून येळ्ळूर आणि वर राजहंसगड ही रविवारची ठरलेली फेरी. गेल्या वर्षी उजव्या गुडघ्यातली कूर्चा झिजल्याचं निघालं. डॉक्टर म्हणाले सायकल सोडू नका, पण चढाला जोर लावू नका. आता चढ सोडून फिरायचं म्हणजे पूर्वेला उसाच्या फडांतून सपाटीवर, आणि माझा जीव सगळा पश्चिमेला, डोंगरात.

म्हणून बॅटरीवाली एमटीबी घ्यायची ठरवली. जायचंय तीन ठिकाणी: राजहंसगड, देवरवाडीचा वैजनाथ करून महिपाळगड, आणि वर्षातून दोन-तीनदा जांबोटीवरून कणकुंबी. रस्ता निम्मा डांबरी, निम्मा कच्चा.

समोर तीन पर्याय आहेत. मागच्या चाकात २५० वॅटची हब मोटर, ३६ व्होल्ट १० एएच (अँपिअर-अवर) बॅटरी. किंवा माझ्याच सायकलीला ७५० वॅटचं हब किट, ४८ व्होल्ट १३ एएच. दुकानदार हेच घ्या म्हणतोय, "घाटाला २५० काय पुरतंय ओ?" आणि तिसरी पेडलच्या आसापाशी बसवलेल्या मिड मोटरची, पुन्हा २५०च वॅट, बॅटरी ५०० वॅट-अवर, पण किंमत पहिलीच्या तिपटीहून जास्त.

माझा प्रश्न सरळ आहे. पहिली २५० आणि तिसरीही २५०, तर तिप्पट पैसे कशाचे? आणि दुकानदार म्हणतोय तसं ७५० घेतलं तर काय बिघडतं?

१. खडेबाजार_एक्सप्रेस

७५० घे की. घरातला मिक्सरबी ५०० चा असतोय. २५० घेऊन कणकुंबीला कुठं जाऊलालास?

२. वडगावची_वीणा

दादा, आधी चढाला लागतं किती ते बघू. मी डिप्लोमाच्या मुलांना इलेक्ट्रिकल शिकवते, हे गणित वर्गात नेहमी घेते.

तुम्ही ८२, सायकल २४, पाठीवरची पिशवी आणि पाणी ४, एकूण ११० किलो. आठ टक्के चढ, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर आठ मीटर वर. कच्चा रस्ता, वेग ताशी १० किलोमीटर. वर चढायला साधारण २४० वॅट आणि चाकं मातीतून लोटायला ६०, मिळून ३००. त्यातले १२० वॅट तुम्ही गुडघ्याला त्रास न देता द्याल. मोटरने द्यायचे उरतात १८०. म्हणजे २५० वॅट पुरतात आणि वर शिल्लक राहतात.

मग हब मोटर घाटात दमते का? तर वॅट कमी पडतात म्हणून नव्हे. गडाच्या शेवटच्या वळणांवर चढ १५ टक्क्यांवर जातो आणि वेग साडेसहावर येतो. २९ इंची चाक तेव्हा मिनिटाला जेमतेम ४७ फेरे घेतं. ती मोटर बनवलेली असते ताशी २५ च्या हिशेबाने, म्हणजे १८० फेऱ्यांसाठी. पाव वेगाला ती बॅटरीतून वीज तेवढीच ओढते, पण त्यातली बरीचशी तारांच्या वेटोळ्यांत उष्णता होऊन जाते.

मिड मोटर साखळीतून जोर देते, म्हणून तुमचे गिअर तिलाही लागू होतात. पुढे ३४ दात, मागे ५१ दातांचं मोठं चक्र लावलं की ८० न्यूटन-मीटरचा टॉर्क, म्हणजे फिरवणारा पीळ, चाकाशी १२० होतो. हब मोटरला सायकलीच्या गिअरचा काहीच उपयोग नाही. तिचे ४० न्यूटन-मीटर ते ४०च. १५ टक्के चढावर तुमच्या वजनाला, तुमचा जोर वजा करून, चाकाशी साधारण ४३ लागतील. म्हणजे ती तिथे कुंथणार.

तिप्पट पैसे त्या गिअरचे आणि पायाचा जोर मोजणाऱ्या टॉर्क सेन्सरचे आहेत. घेताना वॅट विचारू नका, न्यूटन-मीटर विचारा.

३. खडेबाजार_एक्सप्रेस

मॅडम, गणित पटलं. पण ७५० ला हा प्रश्नच येत नाही न्हवं? ताकद आहे, ओढतंय.

४. चंदगडी_माणूस

ओढतंय, पण ती मग सायकल राहत न्हाई. केंद्राच्या मोटार वाहन नियमांत बॅटरीच्या सायकलला सूट हाय ती कशी ते नीट वाचा. मोटरची अर्धा तास सलग देता येणारी शक्ती २५० वॅटच्या आत, ताशी २५ ला किंवा पेडल थांबवलं की मोटरची मदत बंद, आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत. ह्यात बसली तर नोंदणी नको, लायसन नको. न्हाई बसली तर ते मोटार वाहन झालं. नंबर पाहिजे, विमा पाहिजे, लायसन पाहिजे. घरी बसवलेल्या किटला नंबर कोण देणार?

आमच्याकडं एका फेरीत दोन राज्यं होत्यात. अनगोळहून महिपाळगडाला निघालं की देवरवाडीच्या अलीकडं कर्नाटक संपतं, महाराष्ट्र लागतं. कणकुंबीच्या पुढं चोर्ला उतरला की गोवा. नियम केंद्राचा, तिन्हीकडं तोच.

५. खडेबाजार_एक्सप्रेस

इतकी वर्षं फिरूलालो, एकदाबी कुणी सायकल थांबवून मोटर बघितली नाही.

६. चंदगडी_माणूस

थांबवायचा प्रश्न न्हाई भावा. शिनोळीच्या बाजारात एखादं पोरगं आडवं आलं आणि त्याला लागलं, तर विमा न्हाई, नंबर न्हाई, वाहन बेकायदेशीर. त्या पोराच्या दवाखान्याचं कोण बघणार? मला दोन पोरं हायत, म्हणून सांगतो.

७. खडेबाजार_एक्सप्रेस

हे डोक्यात आलं नव्हतं. मान्य.

८. जांबोटी_नाका

मी ते किट वापरलंय म्हणून लिहितो. ५०० वॅटचं गिअरवालं हब, जुन्या अल्युमिनियम फ्रेमवर. खानापूर ते जांबोटी रोजचं जाणं-येणं. पहिले पाच महिने स्वर्ग.

मग एका पावसाळ्यात चढावर मोटरचा आवाज बदलला. खर्रर्र असा. आत नायलॉनचे दातेरी गिअर असतात, तापून मऊ पडले आणि दात गेले. ते बदलले. त्यानंतर महिनाभरात त्याहून वाईट झालं. मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा धुरीला उलटा पीळ बसतो. फ्रेमच्या खाचेत धुरी फक्त नटाच्या दाबावर धरलेली. ती फिरली, खाच उघडली, वायर पिळून तुटली आणि मागचं चाक वाकडं झालं. वेग कमी होता म्हणून वाचलो. कोपराला सात टाके.

किट बसवणाऱ्याने टॉर्क आर्म, म्हणजे धुरीला फिरू न देणारी पट्टी, दिलाच नव्हता आणि मलाही तेव्हा तो माहीत नव्हता. नंतर उद्यमबागेतून सहा मिलिमीटर स्टीलच्या पट्टीतून दोन लेझरने कापून घेतले, दोन्ही बाजूंना बसवले. सायकलवाले दादा, तुम्ही मशीनशॉपला आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल. हब किट घेतलंच तर आर्म दोन्हीकडे लावा, आणि अल्युमिनियम फ्रेमला ७५० लावूच नका.

९. अनगोळचा_सायकलवाला

जांबोटीकर, सात टाके वाचून अंगावर काटा आला. पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या खाचेत तेवढा पीळ, हे गणित मीच करायला हवं होतं. किट रद्द.

आता बॅटरीचं बोला. ३६ व्होल्ट गुणिले १० एएच म्हणजे ३६० वॅट-अवर, एवढं कळतं. ते माझ्या रस्त्यांना पुरेल का?

१०. निपाणीची_तंबाखूवाली

मला ३६० पुरते. वजन ५४, रोज तवंदी घाटाच्या पायथ्यापर्यंत आणि रविवारी घाट चढून परत. बॅटरी निम्मी शिल्लक असते. माझं घर दुसऱ्या मजल्यावर, सायकल उचलून न्यावी लागते. मोठी बॅटरी म्हणजे आणखी किलोभर वजन. बायकांनी घेताना ही गोष्ट बघावी. आणि बॅटरी काढून घरात चार्ज करता येते ना, तेही.

११. वडगावची_वीणा

ताईंचं बरोबर आहे, त्यांच्या वजनाला आणि त्यांच्या रस्त्याला. दादांचा हिशेब वेगळा. बॅटरी किलोमीटरवर ठरवू नका, चढाईच्या मीटरवर ठरवा. कंपनी ८० किलोमीटर लिहिते ते सपाट रस्त्यावर, हलक्या माणसाला, सगळ्यात कमी मदतीवर.

११० किलो शंभर मीटर वर न्यायला ३० वॅट-अवर लागतात, हे पदार्थविज्ञान, त्याला कुणी काही करू शकत नाही. मोटर आणि कंट्रोलरमधली गळती धरून बॅटरीतून ४० जातात. त्यातला दोन पंचमांश भार तुमचे पाय उचलतील, तर २४-२५. सपाटीला मध्यम मदतीवर किलोमीटरला ५ वॅट-अवर धरा.

महिपाळगड जाऊन-येऊन ४५ किलोमीटर आणि वाटेतले चढउतार मिळून ४०० मीटर चढाई धरली, तर २२५ अधिक १००, म्हणजे ३२५. नवीन ३६० ची बॅटरी तुम्हाला घरी आणेल. पण लिथियम-आयनची क्षमता काही शे चार्जिंगनंतर ८० टक्क्यांवर येते. ३६० चे २८८ झाले की तुम्ही हिंडलग्याला ढकलत असणार. ५०० चे ४०० होतात, तेव्हाही पोचाल. म्हणून तुम्हाला ५००.

१२. जांबोटी_नाका

कणकुंबीला ५०० सुद्धा कमी पडतील मॅडम. जाऊन-येऊन ऐंशीच्या पुढे जातं.

१३. वडगावची_वीणा

हो. ८५ किलोमीटर आणि ८०० मीटर चढाई धरली तर ६२५ होतात. वर्षातून तीनदा जायचं म्हणून ७५० ची बॅटरी घेऊन बाकीचे पन्नास रविवार ते वजन वाहू नये. जेवायला थांबाल तेव्हा लावा. २ अँपिअरचा चार्जर दीड तासात सव्वाशेच्या आसपास भरतो, ४ अँपिअरचा पाऊण-एक तासात. नेमकी तेवढीच तूट आहे.

१४. जांबोटी_नाका

जेवायला थांबायचं तर जांबोटीत थांबा, कणकुंबीत नको. आषाढ-श्रावणात कणकुंबीला हेस्कॉमची लाइन गेली की कधी येईल सांगता येत नाही. झाड पडतं, तारा तुटतात, लाइनमन भिजत शोधत फिरतात. पण माउलीच्या देवळात मलप्रभेच्या उगमाशी दहा मिनिटं बसाच. आणि संध्याकाळी चारनंतर परत फिरू नका. गवे रस्त्यावर येतात. बॅटरीची सायकल आवाज करत नाही, तो अचानक बिथरतो. वळणावर घंटी वाजवत चला.

१५. शहापूर_पेठ

एक शंका. महिपाळगडावरून उतरताना मोटर उलटी फिरून बॅटरी चार्ज होत नाही का? मोटारीत होते तशी?

१६. सुभेदार_निवृत्त

मिड मोटर आणि गिअरवाल्या हबमध्ये फ्रीव्हील असतं. उतारावर चाक मोकळं पळतं, मोटर फिरतच नाही, मग वीज कुठून येणार? बिनगिअरच्या जड हबमध्ये होतं, पण सायकलीचं वजन आणि वेग इतका कमी की हाती थोडंच लागतं.

उतारावर चार्जिंगचा विचार सोडा, ब्रेकचा करा. मी कॅम्पात राहतो, वय ६८, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त. तीन वर्षं मिड मोटरची सायकल चालवतो. गाडी २४ किलो, मी ७६. पहिल्यांदा महिपाळगडावरून उतरलो तेव्हा पुढची डिस्क इतकी तापली की लिव्हर हँडलला टेकला. खाली येऊन थांबलो आणि आठवड्यात पुढची डिस्क २०३ मिलिमीटरची, मागची १८० ची करून घेतली, हायड्रॉलिक. आमच्या पलटणीत ट्रकचा ड्रायव्हर चढाआधी इंजिन बघायचा आणि उताराआधी ब्रेक. सायकललाही मी तेच करतो.

बॅटरीचं माझं शिस्तीचं आहे. चढून आल्या-आल्या चार्जर लावत नाही, हाताला थंड लागली की मगच. रोजच्या फेरीला ८० टक्क्यांवर काढतो. पूर्ण भरणं फक्त लांब पल्ल्याच्या आदल्या रात्री. पावसाळ्यात महिनाभर बंद ठेवायची तर निम्मी भरून, कोरड्या जागी. तीन वर्षांत अजून अंतर फारसं घटलेलं नाही.

अनगोळकर, तुमच्या गुडघ्याचं वाचलं. माझी सायकल रविवारी घेऊन जा. सीट वर-खाली करून घ्या.

१७. टिळकवाडी_वर्कशॉप

इथे दुरुस्तीला येणाऱ्या बॅटऱ्यांबद्दल थोडं. वरचं लेबल आणि आतला माल एकच असतो असं धरू नका. ३६ व्होल्टच्या पॅकमध्ये दहा सेल एकापुढे एक असतात. १० एएच लिहिलेल्या एका पॅकमध्ये अशा तीनच रांगा निघाल्या, सेल २.५ एएचचे. म्हणजे खरे साडेसात. गिऱ्हाईक वर्षभर मोटरला शिव्या देत होतं.

ओळखायची सोपी रीत आहे. भिंतीच्या सॉकेटला लावायचं युनिट मोजायचं छोटं मीटर मिळतं. बॅटरी पूर्ण उतरवा, मीटरमधून पूर्ण भरा. खऱ्या ३६० ला भिंतीतून चारशेच्या आसपास वॅट-अवर जायला पाहिजेत. तीनशेच गेले तर फसगत झाली. घेताना दुकानातच करून मागा. दुकानदार तयार नसेल तर दुसरं दुकान बघा.

अजून एक. बॅटरी शेवटच्या १५ टक्क्यांत असताना चढावर पूर्ण मदत मागितली की व्होल्टेज खाली बसतं आणि ३० व्होल्टच्या आसपास आतलं संरक्षण सर्किट सगळं बंद करतं. लोकांना वाटतं मोटर गेली. दोन मिनिटं थांबा, चालू करा, मदत कमी करा, घरी पोचाल. पॅक मोठा असला की एकेका सेलवर ओढ कमी पडते, हाही मोठ्या बॅटरीचा एक फायदा.

१८. शहापूर_पेठ

वर वीणाताई म्हणाल्या टॉर्क विचारा. मी आज तीन दुकानांत विचारलं. दोघांना माहीतच नव्हतं. तिसऱ्याने हब २५० ला "पीक ५०० वॅट" सांगितलं. हे काय प्रकरण?

१९. टिळकवाडी_वर्कशॉप

खोटं नाही ते. २५० ही सलग देण्याची शक्ती. कंट्रोलर १५ अँपिअरचा असेल तर ३६ गुणिले १५, म्हणजे ५४० वॅट तो बॅटरीतून थोडा वेळ खेचू शकतो. बॉशची चौथ्या पिढीची परफॉर्मन्स लाइन सीएक्स मोटर घ्या, कागदावर २५० वॅट, टॉर्क ८५ न्यूटन-मीटर, आणि क्षणिक शक्ती ६०० वॅटपर्यंत. म्हणून कागदावरच्या २५० ला घाबरायचं कारण नाही. हब किती वेळ ते ५०० देईल आणि तापेल, हे वर आलेलंच आहे.

२०. कडोलीचा_शेतकरी

तुम्ही सगळे डोंगरावर बोलूलालाव, चिखलाचं कुणी बोलत नाही. आमची काळी जमीन. जूनमधी पाऊस पडला की शंभर पावलांत चाक आणि फ्रेमच्या मधी चिखल गच्च बसतोय, चाकच फिरत नाही. तिथं ५०० वॅट असू द्या न्हाईतर हजार, मोटर नुसती जळणार. उतरायचं, काटकीनं चिखल काढायचा. जांबोटीकडं तांबडी माती आणि जांभा, तिथं पाणी निचरून जातंय. पावसाळ्यात फिरायचं तर पश्चिमेलाच जा. ओढ्यात मोटर बुडंल एवढं पाणी असलं तर सायकल खांद्यावर घ्या.

२१. अनगोळचा_सायकलवाला

मंडळी, काल महिपाळगड करून आलो, सुभेदार काकांच्या सायकलीवर.

पहाटे साडेपाचला कॅम्पातून सायकल घेतली. काका स्वतः गेटवर उभे, टायरची हवा बघून ठेवलेली. हिंडलगा, मग देवरवाडी. सपाटीला मदत सगळ्यात कमी ठेवली. वैजनाथला थोडा थांबलो. तिथून वरचा चढ, जिथे मी गेल्या दोन वर्षांत प्रत्येक वेळी उतरून चाललो होतो, तो बसून चढलो. मागे मोठं चक्र, पाय मिनिटाला सत्तर-पंच्याहत्तर फिरत होते, गुडघ्यात कळ नाही. शेवटच्या वळणावर वेग ६ दाखवत होता आणि मोटरचा आवाज बदलला नाही, तेव्हा वीणाताईंचे ४७ फेरे आठवले.

गडावर धुकं होतं. तटापाशी पंधरा मिनिटं नुसता बसलो. हे पुन्हा दिसेल असं वाटलं नव्हतं.

घरी आलो तेव्हा ४६ किलोमीटर आणि ५०० पैकी ३२ टक्के शिल्लक. म्हणजे ३४० लागले. वीणाताईंनी ३२५ सांगितले होते. काकांची बॅटरी तीन वर्षांची आहे हे धरलं तर प्रत्यक्षात त्याहून थोडे कमीच.

तिसरा पर्याय घेतोय. मिड मोटर २५० वॅट, ५०० वॅट-अवर, चार्जर ४ अँपिअरचा, पुढची डिस्क २०३. पैशांसाठी जुनी सायकल विकतोय आणि थोडं थांबतोय, गणपतीनंतर घेईन. दुकानात मीटर लावून बॅटरी भरून दाखवायला एक जण तयार झाला आहे.

एकच राहिलं. मिड मोटरचा सगळा जोर साखळीवर येतो म्हणतात. साखळी किती टिकते?

२२. सुभेदार_निवृत्त

साध्या सायकलीपेक्षा लवकर जाते. साखळी मोजायची पट्टी घ्या, ०.५ ला बसली, म्हणजे अर्धा टक्का लांबली, की बदला. उशीर केला तर मागची महाग चक्रंही जातात. चढावर गिअर बदलताना पायाचा जोर क्षणभर काढा, मोटरही सैल पडते, दात वाचतात. आणि चढ सुरू व्हायच्या आधी गिअर टाका, मधे नको. माझ्याकडे एक नवी साखळी पडून आहे, तुमच्या चक्राला बसली तर घेऊन जा.

२३. चंदगडी_माणूस

सायकलवाले दादा, पुढच्या खेपेला महिपाळगडाला येताना आधी कळवा. नाश्ता आमच्याकडं.

२४. खडेबाजार_एक्सप्रेस

मी पण २५० ची मिड बघूलालो आता. घेतली की कणकुंबी एकदम करू. जांबोटीकर, जेवणाला सॉकेट दोन लागतील.

२५. जांबोटी_नाका

सॉकेट चार आहेत. गणपतीनंतरच्या दुसऱ्या रविवारी पिरनवाडी क्रॉसला सहाला या, मी तिथपर्यंत सामोरा येतो. पाऊस असला तरी निघायचं.